इंजिन कुणाचं?

(दृश्य: गोव्यात बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय)

सी हॅरिअरखाली उभं राहून मुलं फोटो काढताहेत. दाबोळीच्या हंसा या नौदलाच्या विमानतळावर या लढाऊ विमानांना २०१६ साली निरोप मिळाला. इंजिन होतं रोल्स-रॉईसचं.

(दृश्य: मिग-२९के चं उड्डाण)

त्यांच्या जागी मिग-२९के नौदलात दाखल झाली २०१० मध्ये. रशियन विमान, रशियन इंजिनं. सहा वर्षांनी ‘कॅग’चा अहवाल आला. नव्याकोऱ्या विमानांची ४० इंजिनं, म्हणजे ६२ टक्के, आराखड्यातल्या दोषांमुळे काढून ठेवावी लागली होती. गाडी नवी, पण मुक्काम गॅरेजमध्ये!

मग आपलं तेजस? हंसा तळावर सरावासाठी विमानवाहू जहाजाच्या नाकासारखा चढ बांधलाय, उतरणारं विमान अडवायला आडव्या तारा. १३ सप्टेंबर २०१९ ला तेजसच्या शेपटीखालचा हूक तारेत अडकला आणि विमान धावपट्टीवर जागच्या जागी थांबलं. चार महिन्यांत ते विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावरही उतरलं. पण पूर्ण शस्त्रं घेऊन जहाजावरून उडायला ते जड पडतं, हे नौदलानं २०१६ मध्येच सांगितलं होतं. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये २६ फ्रेंच राफेल-एम विमानांचा करार झाला. आणि तेजसचं इंजिनही अमेरिकन.

स्वदेशी कावेरी इंजिनाला मंजुरी १९८९ ची. ते अजून तेजसमध्ये बसलेलं नाही. शास्त्रज्ञांना नावं ठेवणं सोपं आहे. टर्बाइनच्या पात्यावर जो वायू आदळतो, तो त्या धातूच्या वितळबिंदूहून तापलेला असतो. पातं अख्खं एकाच स्फटिकाचं ओतायचं, आतून बारीक वाटांनी हवा खेळवून ते थंड ठेवायचं. ही कला मोजक्या देशांकडे आहे आणि ते ती विकत नाहीत. इंजिन मात्र आनंदानं विकतात.

(दृश्य: वास्को, झुआरीचा काठ, गोवा शिपयार्ड)

इथल्या वेल्डरच्या ठिणग्या खऱ्या, हात आपल्याच माणसांचे. युद्धनौकेचं नाव त्रिपुट. आराखडा रशियाचा, जहाज चालवणारी गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनची. करार झाला जानेवारी २०१९ मध्ये.

२३ जुलै २०२४ ला त्रिपुट पाण्यात उतरली, तेव्हा ते दोन्ही देश एकमेकांवर तोफा डागत होते.