कुदळ कोपऱ्यात राहू द्या

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली की परसातला गवताने माजलेला तुकडा डोळ्यांत खुपायला लागतो. कुदळ उचलावी तर कंबर आधी बोलते. यंदा कुदळ कोपऱ्यातच राहू द्या. त्या तुकड्यात न खणता, पेंढ्याखाली बटाटा लावू या.

बटाटा मुळाला धरत नाही. बेण्यातून निघालेल्या कोंबाला आडवे फाटे फुटतात आणि त्यांची टोकं फुगतात. मुळं खाली जाऊन अन्नपाणी घेतात. बटाट्याला हवा असतो अंधार, ओल आणि गारवा. तेवढं तर भाताचा पेंढाही देतो.

गवत विळ्याने जमिनीसरशी कापा, तिथेच पडू द्या. जमीन चांगली भिजवा. वर कुजलेलं शेणखत, मग फुटाफुटावर कोंब आलेलं बेणं. कुफरी पुखराज किंवा कुफरी ज्योती चालेल. त्यावर वीतभर पेंढा. काहीजण खाली पुठ्ठा अंथरतात. मी नाही अंथरत, वाळवीला आयतं आमंत्रण कशाला?

पेंढा दबून निम्मा होतो, म्हणून कोंब वर आले की पुन्हा भर घाला. पहिल्या वर्षी मी इथेच कंजुषी केली आणि बरेच बटाटे हिरवे निघाले. ऊन लागलं की बटाट्यात सोलानिन नावाचं विष वाढतं. असा बटाटा खाऊ नये, गुरांपुढेही टाकू नये.

हराळी पेंढ्याखाली दबते, मरत मात्र नाही. लव्हाळा असेल तर ती जागाच सोडा. त्याचं टोकदार मूळ पोसलेल्या बटाट्याच्या आरपार जातं.

ही युक्ती काही नवी नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गरीब कुळं गवतावरच शेणखत किंवा समुद्रातलं शेवाळ पसरत, त्यावर बेणं मांडत, आणि दोन्ही बाजूंना चर खणून निघालेली ढेकळं गवतासकट बेण्यावर पालथी घालत. पावसाचं पाणी चरांतून निघून जाई. इंग्रजीत या वाफ्यांचं नाव पडलं 'आळशी वाफे'. नाव ठेवणाऱ्याने एकही चर खणला नसावा! 1845 साली करप्याने याच बटाट्यावर घाला घातला आणि तिथे भीषण दुष्काळ पडला.

आपल्याकडे हिवाळा कोरडा, त्यामुळे चर नकोत, पाणी हवं. पेंढ्यात हात घालून बघायचं. खालची माती ओली लागली तर त्या दिवशी सुट्टी. लावणीला मात्र उशीर नको. ऊन तापलं की बटाटा पोसत नाही.

उत्पन्न भर दिलेल्या सरीपेक्षा कमीच येतं, हे आधीच सांगतो. पण साधारण तीन महिन्यांनी पानं पिवळी पडली की खणायचं काही नसतं. पेंढा सारा, बटाटे उचला. फक्त हात घालण्याआधी काठीने पेंढा हलवा. त्या उबेला उंदीर येतो, आणि उंदरामागून कोण येतं ते मावळात सांगायला नको.

नमस्कार.