लादीखालचं काम

नमस्कार मंडळी. घराची फरशी बदलायची ठरली की आपण आधी टाइल्सच्या दुकानात जातो. रंग बघतो, चकाकी बघतो, एक लादी घरी आणून उजेडात ठेवतो, घरातल्या सगळ्यांची मतं घेतो. ती बसवणारा माणूस मात्र एका फोनवर ठरतो. प्रश्न एकच विचारला जातो: "स्क्वेअर फुटाला काय घेणार?" माझी सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेली, आणि उखडलेल्या फरशा बघायला लोक मला आजही बोलावतात. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी लादी चांगली असते. बिघडलेलं असतं ते तिच्या खालचं काम. म्हणून आज मी लाद्यांच्या ब्रँडबद्दल बोलणार नाही, माणूस कसा निवडायचा आणि त्याच्याकडून नेमकं काय घ्यायचं, त्याबद्दल बोलणार आहे.

आधी दराचं बघू. तुम्ही ठेकेदाराशी एक दर ठरवता. ठेकेदार त्यातले काही पैसे ठेवून ते काम मिस्त्रीला उक्तं, म्हणजे फुटामागे ठरलेल्या पैशांत, देतो. मिस्त्रीबरोबर एक बिगारी असतो, त्याची रोजची मजुरी मिस्त्रीला द्यायची असते. म्हणजे दिवसात जितके जास्त फूट बसतील तितका मिस्त्रीच्या हातात पैसा उरणार. मग वेळ वाचवायचा कुठे? वरच्या सांध्यांची ओळ बिघडवून चालत नाही, ती तुम्हाला लगेच दिसते. वेळ वाचतो तो खाली. जुना कोबा, म्हणजे लादीखालचा सिमेंटचा थर, खरवडून झाडायचा राहतो, खोलीभर पातळी घ्यायची राहते, लादीच्या चारही कोपऱ्यांखाली माल पोचलाय की नाही हे बघायचं राहतं. यात मिस्त्रीची नियत खोटी असते असं मी म्हणणार नाही. त्याला आपण पैसेच त्या हिशेबाने देतो.

याचे परिणाम काय होतात ते एका लादीवरून सांगतो. पूर्वी आपल्याकडे शहाबादी असायची, कोटा असायचा, सिमेंटच्या मोझॅक लाद्या असायच्या. या सगळ्या थोडंफार पाणी पितात, त्यामुळे खालच्या सिमेंटला घट्ट धरतात. गुजरातमधल्या मोरबीहून ट्रक भरभरून येते ती व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, लादी वेगळी. तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. डाग पडत नाहीत ते याच गुणामुळे, आणि सिमेंटचा नुसता घोळ पाठीला फासला तर तो नीट धरत नाही तेही याच गुणामुळे. त्यात लाद्या एकमेकींना चिकटवून, मध्ये जागा न ठेवता बसवायची आवड आपल्याकडे फार. सांधा दिसला की घरमालकाला आवडत नाही. ऊन-थंडीने लादी कणभर वाढते, आकसते. खालचं काँक्रीटही नव्या इमारतीत काही वर्षं आकसत राहतं. हलायला जागा नसली की एखाद्या दिवशी खोलीच्या मधोमध दोन लाद्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात, मोठा आवाज होतो, घरातले घाबरतात. लोक म्हणतात लादी खराब निघाली. पैसे वाचवले होते ते दोन लाद्यांमध्ये जागा राखणाऱ्या दोन मिलिमीटरच्या स्पेसरवर आणि चिकटवायच्या मालावर.

तेव्हा व्हिट्रिफाइड बसवणार असाल तर ॲडहेसिव्ह, म्हणजे लादी चिकटवायचा तयार माल, वापरा, आणि त्याची पिशवी स्वतः बघा. तिच्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप छापलेला असतो. साध्या सिरॅमिकसाठीचा टाइप १ व्हिट्रिफाइडला पुरत नाही. जुन्या लादीवर नवी लादी चढवायची असेल तर त्याहून वरचा टाइप लागतो. भिंतीच्या कडेला चहूबाजूंनी थोडी फट ठेवायला सांगा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते. आणि सांधा दोन मिलिमीटरचा तरी हवाच. लादीच्या रंगाचं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा माल, घेतलं तर तो सांधा डोळ्यांत भरत नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी तुम्ही घरी थांबा. दिवसभर डोक्यावर उभं राहू नका, कोणालाच तसं काम करायला आवडत नाही. पण पहिली लादी बसताना हजर राहा. मिस्त्री दातेरी थापीने ॲडहेसिव्ह जमिनीवर ओढतो, रेघा उमटतात. मोठी लादी असेल तर तिच्या पाठीलाही पातळ हात मारतो. लादी ठेवतो, रबरी हातोडीने मध्यापासून कडेकडे ठोकत जातो, लेव्हल लावून बघतो. आता म्हणायचं, "मिस्त्री, ही एक उचलून दाखवता का?" चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही. तो थापीचं टोक घालून लादी अलगद उचलतो आणि उलटी करतो. पाठीवर रेघा दबून सगळीकडे सारखा थर पसरलेला दिसला, तर काम बरोबर चाललंय. मध्ये पाच गोळे चिकटलेले आणि कोपरे कोरडे असतील, तर ती लादी पुढे पोकळ वाजणार, आणि कपाटाचा पाय त्या कोपऱ्यावर आला की फुटणार. एका लादीचे दोन मिनिटं जातात. पण मिस्त्रीला कळतं की या घरात खालचं काम बघणारं कोणीतरी आहे. माझा अनुभव असा की बहुतेक मिस्त्रींना त्याचा आनंद होतो, कारण त्यांचं खरं कसब तिथेच असतं आणि ते कोणी बघत नाही.

मिस्त्री शोधायचा कुठे? ॲपवर नावं मिळतात, लेबर नाक्यावर सकाळी माणसं मिळतात, दुकानदार त्याचा माणूस देतो. मी म्हणेन, जवळपास राहणारा आणि याच भागात कामं करणारा माणूस घ्या. तो राजस्थानचा आहे, उत्तर प्रदेशचा आहे की मराठवाड्यातला, याने काही फरक पडत नाही. दगडाच्या कामातले उत्तम हात मी राजस्थानातून आलेल्या कारागिरांचे पाहिले आहेत आणि आपल्या पाथरवटांचेही. फरक पडतो तो दोन वर्षांपूर्वी त्याने केलेली फरशी तुम्हाला चालत जाऊन बघता येते का, याने. नुकतंच संपलेलं काम बघण्यात अर्थ नाही, नवी फरशी सगळ्यांचीच छान दिसते. दोन पावसाळे काढलेलं घर दाखवा म्हणा. तिथे गेलात की बाथरूममध्ये एक तांब्या पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचलं, तर त्या माणसाला उतार येत नाही. हॉलमध्ये लाकडी काठीने चार ठिकाणी ठोका, पोकळ वाजतं का ते ऐका. त्या घरच्या ताईंना विचारा, तक्रार केल्यावर मिस्त्री परत आला का? या एका प्रश्नाच्या उत्तरावर मी माणूस ठरवतो.

आता अंदाजपत्रक. दर लेबरचा आहे की मालासकट, एवढं तरी सगळे विचारतात. भांडणं होतात ती न विचारलेल्या गोष्टींवरून. जुनी फरशी फोडायची कोणी, राडारोडा खाली कोण नेणार आणि कुठे टाकणार? पोती भरून जिन्यातून उतरवणं हे मोठं काम आहे, त्याचा वेगळा आकडा लिहून घ्या. स्कर्टिंग रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, मोजतात, ते चौरस फुटांत धरलंय का? उंबरे, खिडकीच्या कट्ट्याची कड, ग्रॅनाइटची गोलाई यांचं काय? लादीवर लादी घालणार असाल तर जमीन दीडेक सेंटिमीटर वर येते, मग सगळी दारं खालून कापावी लागतात, सुतार कोणाचा? आणि माल मोजायची पद्धत ठरवा. सहाशे बाय सहाशे मिलिमीटरच्या, आपण ज्यांना दोन बाय दोन म्हणतो त्या लाद्यांचा खोका साधारण चार नगांचा येतो आणि त्यात १५.५ चौरस फूट जागा भरते. तुटफूट आणि काप यांसाठी दहा टक्के जादा धरा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे ना, हे माल उतरवतानाच बघा. बसल्यावर छटा वेगळी दिसली तर दुकानदार ऐकत नाही. उरलेला एक खोका माळ्यावर ठेवून द्या, त्याच छटेची लादी पुढे बाजारात मिळत नाही.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीची उचल द्यायलाच हवी, मिस्त्रीलाही घर चालवायचं असतं. पण शेवटचा हप्ता ग्राउट वाळल्यावर, फरशी ठोकून बघितल्यावर द्या, आणि त्या दिवशी मात्र एक रुपयाही न अडकवता द्या. कारागिराचे राहिलेले पैसे बुडवणारी माणसं आपल्यातच आहेत, म्हणून तो आधीच जास्त उचल मागतो.

बाथरूमबद्दल एकच सांगतो. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून किमान ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. हे झाल्याशिवाय लादी बसू देऊ नका, मिस्त्रीला कितीही घाई असली तरी.

जुन्या घरात राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोझॅक किंवा कोटा फोडायच्या आधी पॉलिशवाल्याला बोलवा. मोझॅकमध्ये वरच्या थरात संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. वरचा मळका पापुद्रा मशीनने घासला की खालून जवळजवळ नवी फरशी निघते. मशीनचे घासायचे दगड बदलत, खरखरीतपासून बारीकपर्यंत जायचं असतं. मधला एखादा नंबर गाळला तर लांबून चमक दिसते, पण तिरप्या उन्हात गोल गोल ओरखडे दिसतात. घासताना निघणारा चिखल नहाणीच्या जाळीत ओतू देऊ नका. तो पाइपात बसून घट्ट होतो, आणि मग फरशीच्या पॉलिशपेक्षा प्लंबर महाग पडतो. बादलीत भरून, गाळ बसू देऊन, गोणीत टाकायचा. आणि ॲसिड! शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीचे भाऊबंद. ॲसिड ओतलं की फेस येतो, आणि तो मळाचा नसतो, दगडच विरघळत असतो. साफसफाईवाला बाटली घेऊन आला तर त्याला दारातच थांबवा.

सफाईचा विषय निघालाच आहे तर गालिच्यांचं बोलतो. घरोघरी आता सोफा आणि कार्पेट धुणारे येतात. त्यांच्या मशीनची ताकद पाणी फवारण्यात नसते, ते परत ओढून घेण्यात असते. ओढणं कमी पडलं की साबण आत राहतो, तो चिकट असतो, आणि महिनाभरात कार्पेट पहिल्याहून मळकं दिसतं. म्हणून त्यांना विचारा, आधी कोरडी धूळ काढणार का, दोन्ही बाजूंनी? वाळायला किती वेळ लागेल? हाताने विणलेला लोकरी गालिचा असेल, भदोही-मिर्झापूरकडचा म्हणा किंवा काश्मीरचा, तर एक पांढरा ओला रुमाल त्याच्या लाल आणि निळ्या भागावर दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर तो गालिचा घरी धुवायचा नाही. लोकरीला तीव्र साबण सोसत नाही, हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती तो देऊ नये. ज्याच्या पाठीला ताग आहे तो गालिचा फार भिजला की तपकिरी डाग वर येतात. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये तर ओली सफाई करूच नका. हवेत इतका दमटपणा असतो की दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही कुबट वास राहतो. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या उन्हात हे काम काढा. कारखान्यात नेणार असतील तर मापं लिहिलेली पावती घ्या आणि मागच्या-पुढच्या बाजूचे फोटो काढून ठेवा.

शेवटी ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान स्वीकारलं, ती सांगतो. लादी किंवा ग्रॅनाइट कोरडं कापताना जी पांढरी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती इतकी बारीक असते की थेट फुप्फुसात उतरते. वर्षानुवर्षं ती श्वासातून गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. बंद खोलीत, तोंडाला गमछा बांधून कटर चालवणारी विशीतली मुलं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. गमछा ती धूळ अडवत नाही. आपल्या घरात काम चालू असताना आपण तीन गोष्टी करू शकतो. कापायचं काम गॅलरीत किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेत करायला लावा. कटरवर पाण्याची धार धरायला बिगारी द्या, किंवा पाण्याची सोय असलेलं कटरच आणायला सांगा. धूळ चिखल होऊन खाली बसते. आणि एन-९५ मास्क तुम्ही विकत आणून द्या, अंदाजपत्रकात धरून.

आणि ठेकेदाराला विचारा, तुमच्या माणसांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का? १८ ते ६० वयाच्या, मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला ती करता येते. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला त्यातून मदत मिळते. अडतं ते ९० दिवसांच्या प्रमाणपत्रापाशी. जो कामगार सतत जागा बदलतो त्याला ते कोण देणार? ठेकेदार देऊ शकतो, पण बरेचदा टाळतो. शेवटचा हप्ता देताना ठेकेदार आणि मिस्त्री दोघंही समोर असतात. तेव्हा विषय काढा, आणि ते प्रमाणपत्र तिथेच लिहून द्यायला सांगा.