काऊन सांगितलं नाही?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला 'इंटरनेटवरचा सांस्कृतिक खजिना' हा विषय दिला आणि वर दहाच मिनिटं दिली. पण मागच्या रविवारी आमच्या घरी याच खजिन्यावरून भांडण झालं, ते आधी सांगतो.

मुलगी चौदा वर्षांची. कानात सदा काहीतरी घातलेलं. जेवताना एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक? पहाटेपर्यंत?" तिला आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा एक माहितीपट सापडला होता. तिथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मी फुशारकीनं म्हटलं, "अगं, धान कापलेल्या बांधीत घोंगडं पांघरून तीच नाटकं पाहिली आम्ही. वडशाची नाटक मंडळी यायची." तर ती म्हणते, "मग काऊन सांगितलं नाही?"

आणि मी काय बोललो? "काऊन नाही, का म्हणावं."

"आजी तर काऊनच म्हणते." ताट तसंच ठेवून उठली.

त्या रात्री मीही शोधायला बसलो. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर धड काही येईना; देवनागरीत 'झाडीपट्टी नाटक' लिहिलं आणि रांग लागली. कोणीतरी मागच्या सतरंजीवरून फोनवर उतरवलेलं नाटक. मध्ये पोर रडतं, कोणी खोकतं, नायिकेचा आवाज भोंग्यात चिरकतो. तीन वाजेपर्यंत पाहिलं. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी दोनदा विचारलं, माइक बंद आहे का. माइक चालू होता, मीच बंद होतो.

पुढे 'पारी'वर पोचलो. पी. साईनाथांनी २०१४ साली सुरू केलेली ग्रामीण भारताची ती साइट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांना घेऊन गोळा केलेल्या जात्यावरच्या लाखावर ओव्यांचा ठेवा आता तिथे आहे. त्यातल्या काही ओव्या बायांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. पुणे जिल्ह्यातल्या बाया इतक्या ऐकल्या, तर वाटलं, आपल्या मायच्या ओव्या कुठे आहेत?

आता रागवू नका, पण आपल्या मंडळात गेल्या कितीतरी वर्षांत विदर्भाची बोली आली ती फक्त हसवायला. गणपतीत कोणी 'काय करून राह्यला बे' म्हटलं की टाळ्या. मीही वाजवल्या, जोरात, कोणाला माझ्या बोलण्यात ते ऐकू येऊ नये म्हणून. इथे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी 'मंग'चं 'मग' केलं. पुण्याच्या रूममेटनं शाबासकी दिली होती!

मग मायला फोन लावला. म्हटलं, दळताना म्हणायचीस त्या ओव्या म्हण, नात रेकॉर्ड करते. माय म्हणाली, "रेकॉर्ड होऊन राह्यलं काय? थांब, मंग नीट बोलतो." आणि घसा साफ करून शाळेतल्या बाईंसारखी सुरू झाली. मी म्हणते, मी सांगते. ओवी म्हटली तीही वाचून दाखवल्यासारखी. पोरीनं कानातलं काढलं नि माझ्याकडे पाहिलं. "बाबा, ही आजी नाही."

बटण बंद केलं. तिकडून आवाज आला, "झालं काय? मंग मी आता जेवतो."

तेवढंच रेकॉर्ड झालं नाही.