टाळू कशी भरते?

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या अनेक मराठी घरांत आजही आजी बाळाच्या टाळूवर कोमट तेल जिरवते. तिच्या बोटांखाली नाडीबरोबर उडणारी ती मऊ जागा म्हणजे कवटीची हाडे अजून एकमेकांना भिडलेली नाहीत अशी फट होय. तेलाने टाळू भरते, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. प्रत्यक्षात ती भरते हाडांच्या वाढीमुळे, आणि त्या वाढीची गती ठरवण्यात बाळाच्या मानेतील थायरॉइड ग्रंथीचा वाटा मोठा असतो.

टाळूभोवतीची, म्हणजे माथ्याची हाडे गर्भातील पातळ पडद्यात थेट तयार होतात. कवटीचा तळ मात्र आधी कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊतीचा असतो. तिथे हाडांच्या मध्ये कूर्चेच्या पट्ट्या राहतात आणि त्यांतील एक तर किशोरवयापर्यंत वाढत असते. पट्टीतील पेशी आधी विभागतात, मग फुगतात आणि शेवटी त्यांची जागा हाड घेते. फुगण्याच्या बेतात असलेल्या पेशी ‘इंडियन हेजहॉग’ नावाचे प्रथिन सोडतात. त्यामुळे पॅराथायरॉइड या थायरॉइडजवळच्या वेगळ्या ग्रंथीच्या संप्रेरकाशी साधर्म्य असलेले ‘पीटीएचआरपी’ हे दुसरे प्रथिन वाढते आणि ते मागच्या पेशींना इतक्यात फुगू देत नाही. वाढीची गती सांभाळणारी ही जोडी 1996 साली प्राण्यांच्या गर्भातील लांब हाडांत उलगडली आणि पुढे कवटीच्या तळातही तिचे काम दिसून आले.

थायरॉइडचा संदेश पेशींना फुगण्याच्या, म्हणजेच हाड होण्याच्या दिशेने नेतो. ग्रंथीतून मुख्यतः टी-4 (थायरॉक्सिन) हे संप्रेरक बाहेर पडते, ऊतींमध्ये त्याचे टी-3 होते आणि ते पेशीकेंद्रातील ग्राहक-प्रथिनाला जोडले जाऊन जनुकांचे काम बदलते. हे संप्रेरक जन्मापासून अपुरे असेल आणि उपचार झाले नाहीत, तर हाड धरायला उशीर होतो, नाकाचा दांडा बसका राहतो आणि टाळू रुंद दिसते. एरवी मागची टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची बहुतेक बाळांत दोन वर्षांच्या आत.

रोज टाळूवरून हात फिरवणाऱ्या आजीला मागची टाळू मोठी वाटली, तर तिचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच पाहिजे. तरीही केवळ हाताच्या अंदाजावर थांबू नये, कारण थायरॉइडची कमतरता असलेली बरीच बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात आणि उपचाराला झालेल्या उशिराने मेंदूचे होणारे नुकसान पुढे पुरते भरून निघत नाही. जन्मानंतर 72 तासांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर ही कमतरता ओळखता येते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू व्हावी असा प्रयत्न असतो. मात्रा दीर्घकाळ जास्त झाली तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळू शकतात. म्हणून उपचार चालू असताना रक्ततपासणी पुन्हा पुन्हा होते आणि बाळाच्या डोक्याचा घेरही मोजला जातो.