थांबायचं कुठे?

नमस्कार मंडळी. ऑफिस सुटल्यावर लोकलच्या गर्दीतून इतके जण दादरला आलात, त्यामुळे प्रस्तावना वगैरे करत नाही, थेट पेटी उघडतो. हे ऐका, सा रे ग प ध. कोणता राग? हां, बरेच जण भूप म्हणालात. पण देसकारातही हेच पाच स्वर आहेत, एक कमी नाही की जास्त नाही, म्हणजे मी अजून राग वाजवलाच नाहीये, नुसते स्वर वाजवलेत.

मग फरक कुठे? थांबण्यात. भूपात तुम्ही फिरून फिरून गंधारावर, म्हणजे ग वर, येऊन विसावता, सा रे ग, प ग, ध प ग. देसकारात धैवत, म्हणजे ध, धरायचा, वरच्या सा ला हात लावून परत धैवतावर यायचं आणि रिषभावर, म्हणजे रे वर, रेंगाळायचं नाही, जरा रेंगाळलात की आलाच भूप. शास्त्र म्हणतं भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग, आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, ध, देसकारात बरोबर उलट. मी शिकताना हे कोष्टक पाठ केलं होतं, मार्कही मिळाले, पण चाल बांधायला बसलो की काही सुचायचं नाही, कारण वादी म्हणजे त्या स्वरावर राहायचं असतं हे कुणी गाऊन दाखवलंच नव्हतं.

संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, जन्म १८६० चा, पेशाने वकील, त्यांनी राग १० थाटांत, म्हणजे सात-सात स्वरांच्या साच्यांत, बसवले. आता बघा, कल्याण आणि बिलावल थाटात फरक फक्त मध्यमाचा, म्हणजे म चा, आणि भूप-देसकारात मध्यमच नाही! तरी भूप कल्याणात गेला आणि देसकार बिलावलात, कारण बघितलं ते चलन, कोणत्या अंगाने राग चालतो ते. नुसते स्वर मोजले असते तर दोन्ही एकाच खणात पडले असते. मला या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो.

आता शब्दांकडे या, कारण चालीत खरी मेहनत तिथेच आहे. साधी ओळ घेऊ, 'सांज झाली घरी ये'. ताल दादरा, सहा मात्रा, म्हणजे सहा ठोके, उचल, म्हणजे ओळीची सुरुवात, चौथ्या मात्रेवरून, 'खाली' म्हणतात त्या बिनजोराच्या मात्रेपासून. सां ऽ ज, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, झा ऽ ली, मग ऽ घ री, आणि पुढची सम? रिकामी! तिथे 'री' नुसता ओढला जातोय, नवीन अक्षरच नाही, तबलजी समेवर येतो आणि तुमच्याकडे त्याला द्यायला काही नसतं. आता फक्त दोन शब्द फिरवा, 'सांज झाली ये घरी'. सां ऽ ज, झा ऽ ली, ऽ ये ऽ, घ री ऽ. सम थेट 'घ' वर आली. आई दारात उभी राहून हाक मारतेय तर जोर घरावरच पडायला हवा ना?

आणि त्या 'घ' वर स्वर कोणता ठेवायचा? भूपातला गंधार ठेवलात तर हाक जवळून येते, मूल अंगणातच आहे असं वाटतं. देसकाराचा धैवत ठेवलात तर तीच हाक लांब, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाते, फक्त देसकार सकाळचा आणि आपली ओळ सांजेची, तेव्हा वेळ पाळायची की हाक लांब न्यायची हे तुम्ही ठरवा, मी स्वतः भूपच घेईन. चला, तुम्ही हाताने दादरा धरा, मी दोन्ही म्हणून दाखवतो.