जागा कोणाची, मत कोणाचं

मित्रहो, घटनेत मूळ रहिवाशांचा गौरवाने उल्लेख करायला कोणत्याही सरकारला फारसं जड जात नाही. गाडी अडते ती प्रतिनिधी कोण निवडणार, इथे. म्हणून आज मी गौरवाच्या वाक्यांवर कमी आणि मतदानावर जास्त बोलणार आहे.

न्यूझीलंडच्या संसदेने १८६७ साली माओरींसाठी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, चार जागा ठेवल्या. तेव्हा मताधिकार मालमत्तेवर होता आणि माओरींची जमीन बहुतेक सामाईक. एकेकाच्या नावावर कागद नाही, म्हणून मत नाही. त्यावर तोड म्हणून या चार जागांसाठी २१ वर्षांवरच्या सगळ्या माओरी पुरुषांना मत दिलं गेलं. गोऱ्या पुरुषांची मालमत्तेची अट १८७९ साली सुटली, म्हणजे माओरींनंतर बारा वर्षांनी. ऐकायला मोठं उदार वाटतं. पण लोकसंख्येच्या हिशेबाने माओरींना १४ ते १६ जागा मिळायला हव्या होत्या! सोय पाच वर्षांपुरती होती, ती कायम झाली. आणि चारचा आकडा १९९०च्या दशकापर्यंत हलला नाही.

मतदानाची तऱ्हा तर बघा. गोऱ्यांना १८७० पासून गुप्त मतदान होतं. माओरी मतदाराने मात्र आधी हात वर करून, पुढे निवडणूक अधिकाऱ्यासमोर उभं राहून, आपलं मत कोणाला ते चारचौघांत सांगायचं. हे १९३७ पर्यंत चाललं. दुकानदार, सावकार, कुळातला वडीलधारा ऐकत असताना माणूस कोणाचं नाव घेईल, ते वेगळं सांगायला नको.

१९९३च्या कायद्याने जागांची संख्या मतदारयादीशी जोडली. माओरी मतदाराने माओरी यादीत जायचं की सर्वसाधारण यादीत, हे त्याचं त्याने ठरवायचं; माओरी यादी वाढली की जागाही वाढतात. २००२ पासून त्या सात आहेत.

हा पेच आपल्याला १९३२च्या पुणे करारापासून ठाऊक आहे. जागा राखीव, पण मत सगळ्यांचं. की आपला माणूस आपणच निवडायचा? संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरचा उमेदवार बहुसंख्यांना दुखवायला कचरतो. स्वतंत्र मतदारसंघात बाकीचे उमेदवार त्या समाजाकडे फिरकतच नाहीत. तोटा दोन्हीकडे आहे. मला माओरी पद्धत उजवी वाटते, कारण निवड मतदाराच्या हातात राहते.

नॉर्वेत आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी ओस्लोत संसदेसमोर उपोषण केलं. धरण झालंच, पण त्या रेट्यातून १९८८ साली घटनेत कलम आलं आणि १९८९ साली सामी संसद सुरू झाली. तिच्या यादीत नाव घालायला आपण सामी आहोत असं सांगावं लागतं, शिवाय स्वतःच्या किंवा पणजोबा-पणजीपर्यंत कोणाच्या तरी घरात सामी भाषा बोलली गेलेली असावी लागते. पालक आधीच यादीत असतील तरी चालतं.

आता ऑस्ट्रेलिया. १९६७ साली मूळ रहिवाशांना जनगणनेच्या आकड्यातून वगळणारं कलम काढायला ९० टक्के मतदारांनी होकार दिला. २०२३च्या सार्वमतात 'व्हॉइस' म्हणजे मूळ रहिवाशांच्या 'आवाजा'च्या प्रस्तावाला साधारण ६० टक्क्यांनी नकार दिला, सहाही राज्यांनी. मागितलं काय होतं? संसदेला सल्ला देणारं मंडळ. जागा नाही, नकाराधिकार नाही. विरोधकांच्या दोन तक्रारी होत्या: यामुळे नागरिकांत वंशावरून भेद होईल, आणि तपशील उघड केलेला नाही. 'ठाऊक नसेल तर नाही म्हणा' ही त्यांची घोषणा. दुसरी तक्रार अगदीच पोकळ नव्हती. मंडळाची रचना पुढच्या कायद्यावर सोडलेली होती. पण मूळ मुद्दा या गदारोळात हरवला. हे मंडळ घटनेतच का हवं होतं? कारण १९९० साली मूळ रहिवाशांचं एक निवडून दिलेलं मंडळ संसदेने कायद्याने उभं केलं होतं आणि २००५ साली संसदेनेच ते मोडीत काढलं. तेव्हा नव्या मंडळाचं अस्तित्व तरी संसदेच्या लहरीवर राहू नये, एवढीच अपेक्षा होती.

ती फेटाळली गेली. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने मात्र आपल्यापुरतं असं मंडळ सार्वमताआधीच कायद्याने मंजूर केलं होतं, आणि मार्च २०२४ मध्ये त्याची पहिली निवडणूक झाली. तो कायदा साधाच आहे. पुढची कोणतीही विधानसभा तो रद्द करू शकते.