घोड्यावर कोण बसलंय?

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रांविषयी रेडिओवर बोलणं म्हणजे पत्रातून पुरणपोळी वाढण्यासारखं आहे. तरी आज तो उद्योग करणार आहे. तुम्ही फक्त मनात एक घोडा उभा करा. मागच्या दोन पायांवर ताठ झालेला, आयाळ उडालेली, डोळे विस्फारलेले. वर स्वार. त्याचा झगा वाऱ्यावर फडकतोय, उजवा हात वर, पुढची वाट दाखवतोय. आणि एवढ्या गोंधळात त्याचा चेहरा मात्र अगदी शांत. तो आपल्याकडे बघतोय.

हे चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इतिहासाच्या पुस्तकात पाहिलं असेल. आल्प्स ओलांडणारा नेपोलियन. चित्रकार झाक लुई दाविद, साल 1801. चित्रात खाली डाव्या कोपऱ्यातल्या दगडांवर तीन नावं कोरली आहेत: बोनापार्ट, हॅनिबल आणि सम्राट शार्लमेन. सैन्य घेऊन आल्प्स ओलांडणारे तिघे. पहिला अर्थातच सगळ्यांत ठळक.

आता गंमत ऐका. मे 1800 मध्ये नेपोलियननं ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड ओलांडली हे खरं. पण घोड्यावरून नाही, खेचरावरून. सैन्य पुढे गेल्यावर, बऱ्या हवेत, लगाम धरून चालणाऱ्या एका स्थानिक वाटाड्याच्या भरवशावर. दाविदसमोर चित्रासाठी बसायलाही त्यानं नकार दिला. थोरांच्या चित्रात चेहरामोहरा जुळला पाहिजे असं काही नाही, हे त्याचं मत. मग दाविदनं स्वतःच्या मुलाला शिडीवर बसवून ती बैठक रेखाटली, असं सांगतात. म्हणजे जगातलं सगळ्यांत रुबाबदार अश्वारूढ चित्र हे शिडीवर बसलेल्या एका पोराचं!

असली थाप मारण्यात आपल्याकडचे दरबारही मागे नव्हते. जहांगीर बादशहाचं एक लघुचित्र आहे, अबुल हसन या चित्रकाराचं, साधारण 1616 च्या सुमाराचं. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोचलेल्या एका मुंडक्यावर बाण सोडतोय. ते शिर मलिक अंबरचं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला आपला अंबर. जहांगीरला तो जन्मभर हाती लागला नाही. म्हातारा होऊन तो 1626 साली आपल्या मरणानं मेला आणि खुलताबादेत विसावला. रणात जमलं नाही ते बादशहानं कागदावर करून घेतलं.

हे मी अशासाठी सांगतोय की जुन्या चित्रातली ऐट ही मुळातच बनवलेली असते, हे एकदा ध्यानात आलं की पुढची गोष्ट नीट कळते.

पुढची गोष्ट म्हणजे दुसरा घोडा. तोच घोडा, तसाच उभा, तोच फडकणारा झगा, तोच वर गेलेला हात. चित्र 2005 सालचं, नऊ फूट बाय नऊ फूट. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. घोड्यावर बसलाय एक तरुण कृष्णवर्णीय माणूस. अंगात लष्करी छापाचे कपडे, डोक्याला रुमाल, मनगटांवर घामपट्टे, पायांत कामगारांचे आणि रॅप गायकांचे आवडते टिंबरलँडचे बूट. मागे आल्प्स नाहीत, बर्फ नाही, तोफा ओढणारे सैनिक नाहीत. मागे आहे लाल-सोनेरी वेलबुट्टी, थेट किनखाबासारखी. आणि दगडांवर जुन्या तीन नावांच्या जोडीला चौथं नाव आलंय: विल्यम्स. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत हे आडनाव आपल्याकडच्या जाधव-पवारांइतकं सर्रास.

चित्रकार केहिन्दे वायली. जन्म 1977, लॉस एंजेलिस. वडील नायजेरियाचे, आई अमेरिकन. केहिन्दे हे योरुबा भाषेतलं नाव, जुळ्यांपैकी जो मागून जन्मतो त्याला देतात. वडील मायदेशी परत गेले, आणि विशीत पोचलेला मुलगा त्यांना शोधत नायजेरियाला गेला तेव्हा कुठे बापलेकांची भेट झाली. वाढवलं आईनं. लॉस एंजेलिसच्या ज्या भागात ही पोरं वाढत होती तिथलं वारं बरं नव्हतं, म्हणून अकराव्या वर्षी तिनं त्यांना शनिवार-रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला घातलं. तिथून जवळच्या हंटिंग्टन संग्रहात या मुलानं अठराव्या शतकातली इंग्रज सरदार-उमरावांची व्यक्तिचित्रं पाहिली. गेन्सबरोचा तो निळ्या रेशमी पोशाखातला मुलगा, रेनॉल्ड्सनं रंगवलेल्या बायका. पावडर लावलेले केस, पायाशी कुत्रा, मागे स्वतःच्या मालकीची जमीन. हे सगळं त्याला भयंकर आवडलं. रागावण्याआधी तो भाळला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याची पुढची सगळी चित्रं या दोन भावनांच्या ओढाताणीतून आली आहेत.

येल विद्यापीठातलं शिक्षण संपवून 2001 मध्ये तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आला, तिथल्या स्टुडिओ म्युझियमचा निवासी चित्रकार म्हणून. एक दिवस रस्त्यात त्याला एक चुरगाळलेला कागद सापडला. पोलिसांचा कागद. त्यावर एका कृष्णवर्णीय तरुणाचा फोटो, शेजारी नाव आणि माहिती. पोलीस ठाण्यात भिंतीशी उभं करून काढतात तसला फोटो. वायलीनं तो जपून ठेवला. त्याला वाटलं, हेही व्यक्तिचित्रच की! समोरून काढलेला चेहरा, खाली नाव. फरक एवढाच की उमराव आपलं चित्र स्वतः सांगून काढवून घेतो, कसं उभं राहायचं ते तो ठरवतो. इथे या पोराला कुणीही काही विचारलेलं नाही.

मग त्यानं उलट सुरुवात केली. हार्लेमच्या रस्त्यावर उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांत ज्याची चाल, ज्याचा आत्मविश्वास आवडेल त्याला थांबवायचं आणि विचारायचं, चित्र काढू का तुझं? बहुतेक लोक अर्थातच निघून जात. तुम्ही-आम्ही दादरच्या फलाटावर दुसरं काय केलं असतं? जो येई त्याच्यासमोर तो जुन्या युरोपीय चित्रांची पुस्तकं उघडून ठेवी. यातली तुला कोणती बैठक आवडते ते सांग. कपडे ज्याचे त्याचे, रस्त्यावर होते तेच. ऐट मात्र राजाची, आणि ती त्यानं स्वतः निवडलेली.

पुढे हाच खेळ तो जगभर घेऊन फिरला: लागोस, डाकार, ब्राझील, हैती. एक मालिका भारत आणि श्रीलंकेवरही आहे. 2019 मध्ये त्यानं खराखुरा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा केला, डोक्यावर जटांची गाठ आणि अंगात टोपीचं स्वेटशर्ट घातलेल्या तरुणाचा. आधी टाइम्स स्क्वेअरमध्ये आणि मग व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात तो उभा राहिला. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे त्याच शहरात रांगेनं उभे होते. त्यांपैकी ज्या स्ट्युअर्टच्या पुतळ्यावरून वायलीला ही कल्पना सुचली, तो पुतळा वर्षभराच्या आतच, जुलै 2020 मध्ये, उतरवला गेला.

ही वाट वायलीनं एकट्यानं पाडली असं मात्र समजू नका. बार्कली हेंड्रिक्स नावाचा कृष्णवर्णीय चित्रकार 1966 मध्ये युरोपातली संग्रहालयं हिंडून आला. थोरामोठ्यांच्या त्या चित्रांत आपल्यासारखी माणसं जवळपास नाहीतच, हे त्याला बोचलं. 1969 मध्ये त्यानं एका नात्यातल्या मुलीचं चित्र काढलं. भरघोस गोल केस, साधा पोशाख आणि मागे सोन्याचा वर्ख, जुन्या ख्रिस्ती संतांच्या चित्रांत असतो तसा. आणि केरी जेम्स मार्शल! त्याच्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या कलाशाळेत मास्तर बजावायचे, ट्यूबमधला काळा सरळ लावायचा नाही, चित्राला भोक पडतं. मार्शल नेमका तोच लावतो. हस्तिदंती काळा, काजळी काळा, लोहाचा काळा. एकात निळी झाक मिसळ, दुसऱ्यात तपकिरी. त्याच्या चित्रांतली माणसं गव्हाळ, सावळी, तपकिरी नसतात, काळीच असतात. आणि त्या काळ्याच्या आत गाल, कपाळ, ओठ सगळं वेगळं उमटतं. मास्तरांना ते चित्र दाखवायला हवं होतं.

या सगळ्याची वरात वाजतगाजत राजधानीत पोचली ती 12 फेब्रुवारी 2018 रोजी. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत बराक आणि मिशेल ओबामांच्या चित्रांवरचे पडदे सरले. बराक यांचं वायलीनं काढलेलं. ना टेबल, ना झेंडा. माणूस खुर्चीत पुढे झुकून बसलाय आणि मागे हिरव्या पानांची भिंत. त्यात तीन फुलं: शिकागोची म्हणून शेवंती, हवाईची म्हणून जुई, आणि केनियातल्या वडिलांची आठवण म्हणून निळी आफ्रिकन लिली. केस कमी पांढरे करा, कान जरा लहान करा, असं मी सुचवून पाहिलं पण चित्रकार ऐकेना, असं ओबामा त्या दिवशी हसत हसत म्हणाले. मिशेल यांचं चित्र एमी शेरल्डचं. ती त्वचा राखाडी रंगवते, जुन्या फोटोंसारखी. रंगावरून माणूस वाचायची आपली सवयच ती काढून घेते. मला विचाराल तर दोन्हींत तेच चित्र सरस आहे.

वायलीविषयी माझ्या मनात किंतू आहेत, ते लपवत नाही. त्याची बरीचशी वेलबुट्टी मदतनीस रंगवतात. सतराव्या शतकातला मोठा चित्रकार रुबेन्स, त्याच्या कारखान्यातही तेच चाले, त्यामुळे ते एक वेळ सोडून देऊ. पण शंभरावी ऐट पहिलीइतकी चटका लावत नाही. पुढे पुढे युक्ती दिसायला लागते, माणूस दिसेनासा होतो. शिवाय राजाच्या जागी दुसऱ्याला बसवलं तरी सिंहासन तसंच राहतं, हा आक्षेप आहेच. 2024 मध्ये त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यानं ते साफ नाकारले, पण काही संग्रहालयांनी त्याची ठरलेली प्रदर्शनं रद्द केली किंवा लांबणीवर टाकली. हेही सांगायला हवं.

म्हणून शेवटी मी तुम्हाला घोड्यावरून उतरवून चित्राच्या कडेला नेतो. युरोपच्या जुन्या चित्रांत काळी माणसं अगदीच नव्हती असं नाही. होती, कडेला. फळांची परडी धरलेली, छत्री धरलेली. 1650 मध्ये स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझनं रोममध्ये आपला गुलाम हुआन दे पारेहा याचं जे अप्रतिम व्यक्तिचित्र काढलं, ते अपवाद म्हणूनच उठून दिसतं. त्याच वर्षी त्यानं पारेहाच्या मुक्ततेचा कागद केला. हा पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचं 1661 चं मोठं चित्र आहे, बायबलमधल्या प्रसंगाचं. त्यात अगदी डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे, आपल्याकडे बघत. हातात एक चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव.

दुसरं चित्र एलिहू येल याचं. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा हा गव्हर्नर. तिथे गबर झाला, त्यातलं थोडं त्यानं अमेरिकेतल्या एका कॉलेजला दिलं आणि ते कॉलेज येल झालं. साधारण 1719 च्या या चित्रात तो आप्तांबरोबर मद्य आणि तंबाखूचा आस्वाद घेतोय. उजवीकडे एक काळा मुलगा सेवेला उभा आहे. त्याच्या गळ्यात चांदीची पट्टी, तिला कुलूप. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. याच येलमध्ये शिकलेला चित्रकार टायटस काफर. त्यानं 2016 मध्ये हे चित्र पुन्हा रंगवलं आणि मग सगळा कॅनव्हास कागदासारखा चुरगाळला. येलसाहेब, त्यांचे आप्त, मद्याचे पेले, सगळं सुरकुत्यांत गेलं. फक्त त्या मुलाचा चेहरा सपाट ठेवला आणि त्याला सोन्याची चौकट दिली. गळ्यातली पट्टी काढून टाकली.

याच काफरनं 2017 मध्ये भर व्याख्यानात, लोकांसमोर, डच चित्रकार फ्रान्स हाल्सच्या एका कुटुंबचित्राची स्वतः केलेली नक्कल उभी केली. नवरा, बायको, मुलं आणि मागच्या बाजूला एक काळा मुलगा. काफर बोलत होता की त्या बाईच्या अंगावरच्या लेसविषयी जेवढं लिहिलेलं सापडतं तेवढंही या मुलाविषयी सापडत नाही. बोलता बोलता त्यानं जाडा कुंचला घेतला आणि पांढऱ्या रंगाचे फटकारे मारत एकेक गोरा चेहरा झाकत गेला. उरला तो मुलगा.

पण तो पांढरा रंग त्यानं जवसाच्या तेलात कालवला होता. वर्षं जातील तसा तो पारदर्शक होत जाईल आणि खालचे चेहरे पुन्हा वर येतील, असं त्यानं तिथेच सांगून टाकलं. त्याला कुणालाही कायमचं पुसायचं नव्हतं, थोडा वेळ नजर हलवायची होती. ते चित्रही आता ब्रुकलिन म्युझियमच्या संग्रहात आहे, विल्यम्सचा घोडा आहे तिथेच.

नमस्कार.